बाटलीपासून तोंडापर्यंत

औषधाच्या दुकानातली बाई काय करते? डॉक्टरचं अक्षर लावते आणि फळीवरून डबी काढून देते. माझ्या सासरच्यांचा हाच समज होता आणि आजही आहे. "सुनंदाचं बरं आहे, सावलीत उभं राहायचं काम," असं आमच्या थोरल्या जाऊबाई चारचौघांत म्हणायच्या. म्हणू देत. खरं काम डबी दिल्यावर सुरू होतं, हे त्यांना सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले. गोळी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरते आणि माणसाच्या पोटात पोचते, त्या दोहोंमध्ये बराच मोठा मुलूख आहे. तिथे सासवा असतात, उपास असतात, शेजारणींचे सल्ले असतात, आणि "आज बरं वाटतंय, कशाला घ्यायची?" हा तर घरोघरी असतो. त्या मुलखात डॉक्टरचं काही चालत नाही. चाललंच तर माझ्यासारखीचं थोडंफार चालतं.

मी मूळची निपाणीची. बेळगावला फार्मसीचा डिप्लोमा केला, लग्न होऊन बंगलोरला आले आणि नव्वदचं दशक जवळजवळ सगळं बनशंकरीतल्या एका मेडिकलमध्ये उभ्यानं काढलं. दुकान मंगळूरकडच्या एका अण्णांचं. त्या काळात पुष्कळ दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असायचं आणि फार्मासिस्ट भलतीकडेच. अण्णांनाही खरं तर माझं सर्टिफिकेटच हवं होतं. त्याच्याबरोबर मीही आले, याचा त्यांना पहिले सहा महिने फार त्रास झाला.

माझं कन्नड ऐकून गिऱ्हाइकं हसायची. आमचं बेळगावकडचं कन्नड इथल्या लोकांना भांडल्यासारखं वाटतं. त्याचा मला उपयोगच झाला, कारण "पाच दिवस म्हणजे पाच दिवस" हे भांडल्यासारखंच सांगावं लागतं. पुण्याहून नव्यानं आलेली पोरं असायची, तीन-तीन चार-चार जण मिळून खोली घेऊन राहणारी, सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमागे धावणारी. त्यातल्या एकाला घशासाठी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पोटाला हात लावून हजर. "मॅडम, मी कोर्स दोन दिवसांतच कंप्लीट केला. सोमवारी आमचं प्रोजेक्ट लाइव्ह आहे ना." मी म्हटलं, "अरे बाळा, तुझ्या घशातल्या जंतूंना कुणी कळवलं का सोमवारचं?"

दुसरी एक बाई. नवऱ्याला रक्तदाबाची गोळी रोज एक. तीस गोळ्या नेल्या आणि तीन महिने परत आलीच नाही. आली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "अक्का, ते रोज कुठे चिडतात? चिडले त्या दिवशी हुळीत कुस्करून घालते." हुळी म्हणजे आपलं सांबार. नवऱ्याचा रक्तदाब तिनं त्याच्या रागाला जोडून टाकला होता. घरात शांतता होती म्हणजे औषध लागू पडलं, असा तिचा सरळ हिशोब. नवऱ्याला तर आपण आजारी आहोत हेही धड ठाऊक नव्हतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर मी पेनानं चित्र काढायची. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. एका माळीदादांनी महिन्याच्या शेवटी एक गोळी परत आणली. का उरली? तर म्हणे, अमावास्येला चंद्र कुठला? ते माझी फिरकी घेत होते की खरंच घेतली नव्हती, हे मला आजवर कळलेलं नाही.

या सगळ्यांनी मला एक गोष्ट शिकवली. "गोळी घेता ना?" असं कधी विचारू नये. सगळे हो म्हणतात. "कशी घेता ते दाखवा," असं म्हणावं. मग हळूच गंमत बाहेर येते. हा नियम मी सगळ्यांना लावला, एका बाईंना सोडून. त्यांच्या बाबतीत मी तो मोडला, आणि त्याचंच हे पुराण आहे.

त्या गोदक्का. वय बहात्तर, बंगलोरात चार पिढ्या मुरलेलं देशस्थ घर, घरात मराठी आणि दारात कन्नड. मुलगा बँकेत, सून उषा, दोघांचं मूलबाळ धारवाडला शिकायला. गोदक्कांचं सोवळं आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. उषाबरोबर औषधाला यायच्या, पण पायरी चढायच्या नाहीत. खाली उभ्या राहून नऊवारीचा पदर सावरत विचारायच्या, "काय गं अक्का, बाहेरची नाहीस ना आज?"

भर दुकानात! शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेला रिक्षावाला उभा, अण्णा गल्ल्यावर, आणि ही बाई मला माझे चार दिवस विचारतेय. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. त्या "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणाल्या, मागे वळल्या आणि पाचव्या दिवशी आल्या. चार दिवस औषधाविना राहिल्या! तेव्हापासून मी ठरवलं. महिन्याचे तीसही दिवस मी आतलीच.

तेवढ्यानं भागायचं नाही. बाटली त्यांच्या हातात द्यायची नाही, उषाच्याही नाही. उषानं कापडी पिशवीचं तोंड उघडं धरायचं आणि मी वरून आत सोडायची. मला राग यायचा. चांगलाच यायचा. दिवसातून दहादा साबणानं धुतलेले माझे हात, आणि यांना माझ्या बोटांचा विटाळ. म्हणून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. बाटली सोडली की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. कशी घेता ते दाखवा, हे मी त्यांना कधीही म्हटलं नाही.

त्यांना आजार होता थायरॉइडचा. गळ्यात ही ग्रंथी असते आणि तिच्या रसावर शरीराचा वेग ठरतो. रस कमी पडला की माणूस सगळ्याच बाबतीत मंदावतो. गोदक्का बसल्या जागी पेंगायच्या, एप्रिलच्या दुपारी शाल पांघरायच्या, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. उपाय एकदम सोपा. तोच रस गोळीतून रोज द्यायचा, जन्मभर. गोळी हरभऱ्याच्या डाळीएवढी, शंभर गोळ्या एका तपकिरी बाटलीत.

आमच्या मागच्या गल्लीतले डॉक्टर मूर्ती त्यांना बघायचे. त्यांनी अर्धी गोळी सुरू केली. रक्त तपासलं, रस कमीच. एक केली. तरी कमी. दीड केली, दोन केल्या. गोदक्का आपल्या पेंगतच होत्या. एवढ्या मात्रेत धडधाकट माणूस पळत सुटला असता.

मग एक दिवस उषा एकटी आली. डोळे लाल.

"काय झालं गं?"

"डॉक्टर म्हणाले, गोळी पोटात जातच नाही. घरात कोण देतं, विचारलं. मी म्हटलं, मी देते. तर म्हणाले, पुढच्या वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊन या."

"आणि गोदक्का?"

"शेजारीच बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. डोळे मिटून होत्या, झोपल्या असतील." तिनं नाक पुसलं. "आता हुबळीच्या वन्संपर्यंत गेलंय. त्या म्हणतात, आईला मी घेऊन जाते, तुझ्या हातात ठेवत नाही. अक्का, मी रोज सकाळी देते हो गोळी. देवाशप्पथ देते."

मला तिच्यावर विश्वास होता. सासूला औषध न देणारी सून अशी काउंटरवर रडायला येत नाही. पण मग गोळी जात कुठे होती?

उत्तर संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला मिळालं. उषानं बोलावलं होतं. एळ्ळु-बेल्ला म्हणजे इथला तिळगूळ झाला, वाण झालं, आणि हात धुवायला म्हणून मी मागच्या पडवीत गेले. तिथे उन्हात खुर्ची टाकून गोदक्का बसल्या होत्या, शाल गळ्यापर्यंत, हातात कावळे हाकायची काठी. समोर पाटावर सांडगे वाळत होते. सांडग्यांच्या शेजारी चांदीच्या ताटलीत धूतवस्त्राचा तुकडा, आणि त्यावर पांढऱ्या बारीक बारीक गोळ्या ओळीनं मांडलेल्या.

"हे काय हो, गोदक्का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "गोळ्या गं. तुझ्याच दुकानातल्या."

"त्या उन्हात कशाला?"

"मग ओल्याच डब्यात भरू? आख्खी बाटली रोवळीत ओतून पाणी घालते, दोन दिवस वाळवते. कुणाकुणाचे हात लागलेले असतात, कोण जाणे."

मी ताटलीजवळ उकिडवी बसले. "आणि ज्या विरघळतात त्या?"

"चुरा होतो स्वल्प. चिमटीनं घेते. औषध आहे, वाया घालवू का?"

पहिल्या बाटलीपासून हे चाललं होतं. त्या औषधाचे तीन वैरी आहेत: पाणी, उष्णता आणि उजेड. बाटली तपकिरी असते ती काय शोभेला? आणि आमच्या गोदक्का तिन्ही वैऱ्यांना एका ताटलीत जेवायला बसवत होत्या. उषाला ठाऊक नव्हतं असंही नाही. त्या घरात बाजारातून येणारी प्रत्येक वस्तू धुतली जायची. केळी धुवायचे, नारळ धुवायचे, भाजीची जुडी धुवायचे. मीठ आणि साखर तेवढी सुटायची, कारण ती विरघळतात. गोळीही विरघळते, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. उषा रोज सकाळी चांदीच्या डबीतून दोन गोळ्या काढून द्यायची, मनापासून द्यायची, आणि त्या गोळ्यांत औषध म्हणावं असं जेमतेम उरलेलं असायचं.

मी त्यांना समजावलं. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. वकील झाल्या असत्या तर फार पुढे गेल्या असत्या.

"न धुता कशी घेऊ? कारखान्यात कोण करतं त्या?"

"यंत्र करतं."

"यंत्र कोण चालवतं?"

"माणूस. पण हातमोजे घालून."

"हातमोजे कशाचे? चामड्याचे?"

"नाही हो, रबराचे."

त्या विचारात पडल्या. एक कावळा आला, त्याला काठी दाखवून झाली. "रबर म्हणजे झाडाचा चीकच ना?"

"झाडाचाच."

"मग सरी."

तह असा झाला. सीलबंद बाटली बाहेरून हवी तेवढी धुवायची. चिंचेनं घासा, गोमूत्र शिंपडा, माझी हरकत नाही. पण झाकणाच्या आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. सील गोदक्कांनी स्वतः सोवळ्यात फोडायचं. उषाला तर मी देवदूतच वाटले असेन. त्या दिवशी ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, वाणाचा दुसरा डबा पिशवीत कोंबला, आणि मी माझ्यावरच खूश होऊन घरी गेले.

आता माझी चूक सांगते.

डॉक्टरांनी गोळ्या अर्ध्यावरून दोनवर नेल्या होत्या, त्या धुतलेल्या गोळ्यांच्या भरवशावर. न धुतलेल्या दोन गोळ्या म्हणजे त्या वयाच्या बाईला भलती मोठी मात्रा. शिकाऊ पोरालाही कळेल असं गणित आहे हे. मला सुचलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला सुचलं होतं. घरी जाताना बसमध्येच सुचलं होतं. उद्या मूर्तींना जाऊन सांगायचं, असं ठरवूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. कारण सांगायला लाज वाटते. मी काही सांगायला गेले की मूर्ती हसून "येस येस, फार्मसिस्ट मॅडम" म्हणायचे आणि पुढच्या पेशंटची घंटी वाजवायचे. हुशार माणूस, पण हे हसणं माझ्या डोक्यात जायचं. गोदक्कांची पुढची रक्ततपासणी महिना-सव्वा महिन्यानं होती. मी मनात चित्र रंगवलं: रिपोर्ट एकदम बदललेला, डॉक्टर चक्रावलेले, आणि मग मी शांतपणे जाऊन सांगणार की तुम्हाला जे दोन वर्षांत कळलं नाही ते मला सांडग्यांच्या शेजारी सापडलं. महिन्याभरात काय होतंय, अशी मीच माझी समजूत घातली.

आणि सुरुवातीला झालं ते सगळं छानच झालं. पंधरा दिवसांत शाल गेली. चेहऱ्याची सूज उतरली. गोदक्का चालत देवळात गेल्या. बनशंकरीच्या देवळापर्यंत, आणि परत! तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दारातल्या खांबावर चढलेल्या लाइनमनला खाली उतरवून पंचवीस वर्षांपूर्वीच्या तक्रारीचा जाब विचारला; तक्रार केली तेव्हा तो नोकरीलाही लागला नसेल. पहाटे चारला उठून माळा आवरायला काढला. मला एक डबाभर चिरोटे पाठवले, स्वतः लाटलेले. अण्णा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, "आमच्या सुनंदम्मांनी म्हातारीला तरणी केली." मी नको नको म्हणत ऐकून घेत होते. चिरोटेही खाल्ले.

उषा एकदा उदबत्तीचं पुडकं घ्यायला आली आणि हसत हसत म्हणाली, "अक्का, आधीच्याच बऱ्या होत्या हो. झोपायच्या तरी. आता माझ्या प्रत्येक फोडणीला हजर." मीही हसले. त्या हसण्यात मला ऐकू यायला हवं होतं की त्या बाई झोपत नाहीत. सगळी लक्षणं माझ्यासमोर मांडलेली होती आणि मी कौतुकात रमले होते.

मग एका सकाळी गोदक्का एकट्याच दुकानात आल्या. आणि पायरी चढून आल्या. अण्णांनी घाईनं स्टूल पुढे केलं, त्यावर बसल्या. फेब्रुवारीची गार सकाळ, मला स्वेटर होता, आणि त्या पदरानं वारा घेत होत्या. घामानं कपाळ डबडबलेलं. गळ्याची हाडं वर आलेली.

"अक्का, छातीत काहीतरी उड्या मारतंय गं," त्या म्हणाल्या. "कालपासून थांबतच नाही."

मी काउंटरच्या बाहेर आले आणि न विचारता त्यांचं मनगट धरलं. त्यांनी हात ओढून घेतला नाही. त्यानंच मी जास्त घाबरले. नाडी जोरात होती, आणि तिला ताल नव्हता. दोन ठोके एकदम, मग एक चुकलेला, मग चार धावत. हे माझं काम होतं. या बाईला काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हातून झालेलं असणार होतं.

अण्णांना उषाला फोन करायला सांगितलं, रिक्षा थांबवली आणि मूर्तींकडे नेलं. त्यांनी तपासलं, छातीचा आलेख काढला, आणि तो कागद दोनदा वाचला. तोवर उषा धापा टाकत पोचली होती. डॉक्टर तिच्याकडे बघून हळू म्हणाले, "चूक माझीच. मीच डोस वाढवत नेला. या वयात एवढा द्यायला नको होता."

त्या घटकेला मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. डॉक्टरनं स्वतःहून दोष घेतला होता. मला वाटलंही गप्प राहावं. नोकरी होती, सर्टिफिकेट होतं, आणि थोरल्या जाऊबाई होत्याच. पण जीभ आवरेना. मी सगळं सांगितलं. ताटली, रोवळी, ऊन, रबराचे हातमोजे, आणि मुद्दाम न सांगितलेला तो एक महिना.

मूर्तींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच ते हसले नाहीत. "एक ओळ लिहून पाठवायची होती, मॅडम," एवढंच म्हणाले. मग उषाकडे वळले. "आणि तुम्हाला मी बोललो होतो. आधी घरी काय चालतं ते विचारायला हवं होतं." उषा मान खाली घालून उभी होती. ती त्यांच्याकडेही बघेना आणि माझ्याकडेही बघेना.

गोदक्कांना त्याच दुपारी हृदयाच्या दवाखान्यात भरती केलं. थायरॉइडची गोळी बंद झाली आणि नाडी आवरायची दुसरी सुरू झाली. मी संध्याकाळी घरी जाऊन भाजीत दोनदा मीठ घातलं. कुणी काही बोललं नाही, जाऊबाईसुद्धा नाहीत, इतकं माझं तोंड उतरलं असावं.

दोन दिवसांनी दुपारी दुकानात फोन वाजला. मूर्ती होते. "मॅडम, तुमच्या बाई गोळ्या घेत नाहीत. नर्स सुटी गोळी प्लास्टिकच्या झाकणात आणते, या ओठ घट्ट मिटून घेतात. बाटली नाही, तर धुणार काय? मुलानं पाया पडून झालं. असंच चाललं तर हृदयात रक्ताची गाठ धरेल, अर्धांगाचं भय आहे. तुमचं ऐकतात म्हणे. या तुम्ही."

माझं ऐकून तर त्या तिथे पोचल्या होत्या! तरी गेले. अण्णांनी न मागता सुट्टी दिली.

दवाखान्याच्या खोलीत तीन खाटा होत्या. मधल्या खाटेवर गोदक्का, भिंतीकडे तोंड करून. पायथ्याशी उषा उभी, हातात ते निळं प्लास्टिकचं झाकण, त्यात एक गोळी. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. येताना बसमध्ये मी बरंच काही जुळवलं होतं: सोवळ्याला आजारपणात सूट असते, शास्त्रातही सांगितलंय, वगैरे. त्या पाठीकडे पाहिलं आणि त्यातलं काहीच आठवेना.

"गोदक्का," मी म्हटलं, "तुम्हाला हे जे झालंय ते माझ्यामुळे झालंय. तुमच्या धुण्यानं औषध मरत होतं, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत होते. मी धुणं थांबवलं आणि मात्रा कमी करायला सांगितलंच नाही. ठाऊक असून सांगितलं नाही. मला मोठेपणा मिरवायचा होता. चुकलं माझं."

मग भिंतीकडूनच आवाज आला.

"काय म्हणालीस?"

"चुकलं माझं."

"पुन्हा म्हण."

ऐकू येत नसेल असं वाटून मी मोठ्यानं म्हटलं. दोन्ही बाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. दारातली नर्स आत डोकावली. गोदक्का सावकाश कुशीवर वळल्या. चेहरा पांढराफटक होता, पण डोळ्यांत जाग होती.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं गं," त्या म्हणाल्या. "पण बहात्तर वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. सासऱ्यांनी नाही, यांनी नाही, पोरांनी तर नाहीच. म्हटलं, नीट ऐकून घ्यावं."

मी हसले आणि लगेच रडले. दोन्ही आवरेना. त्यांनी मला रडू दिलं, समजूत वगैरे काही घातली नाही. ती त्यांची रीतच नव्हती. माझे डोळे पुसून झाले. मग म्हणाल्या, "उषा, इकडे ये."

उषा पायथ्याकडून उशाकडे आली.

"त्या दिवशी डॉक्टर तुला बोलले ना, तेव्हा मला झोप लागली नव्हती. सगळं ऐकत होते मी."

उषानं झाकण दोन्ही हातांनी धरलं.

"तू देतेस म्हटलं असतं, तर मग गोळ्यांचं घरात काय करता हे विचारलं असतं त्यांनी. माझ्या सोवळ्यावर आलं असतं. म्हणून डोळे मिटून बसले. हुबळीहून ती तुला बोलली, तेव्हाही मिटूनच बसले." त्या उषाकडे वळल्या. "चुकलं गं माझं."

मला वाटलं, आता उषा बांध फुटल्यासारखी रडणार, किंवा एवढ्या वर्षांचं सगळं एकदम बोलणार. तिनं यातलं काही केलं नाही. झाकणातली गोळी दोन बोटांत उचलली.

"आई," ती म्हणाली, "आधी गोळी घ्या."

गोदक्कांनी तोंड उघडलं.